प्रेमाची तहकुबी

प्रेमाचा कबुलीजबाब किती लांबवावा याविषयी आशिया खंडाच्या पूर्व टोकास मुळीच एकवाक्यता नाही, असे तेथील प्रणयचित्रकथांच्या प्रदीर्घ आणि काहीशा निर्लज्ज व्यासंगानंतर माझे मत बनले आहे.

जपानी मांगा म्हणजे निव्वळ तहकुबीचे शास्त्र. कारुहो शिइना यांच्या ‘किमी नि तोदोके’मधील सावाको हिचे लांब, काळेभोर केस ‘रिंगू’ चित्रपटातील सादाको नामक पिशाच्चाची आठवण करून देतात म्हणून वर्गातली मुले तिला त्याच नावाने हाक मारतात. आणि सर्वांचा लाडका काझेहाया तिच्यावर लुब्ध आहे हे वाचकास केव्हाच उमगलेले असताना, ही साध्वी मात्र त्याच्या प्रत्येक स्मितास निव्वळ सौजन्य समजून मनोमन आभार मानीत बसते. तीस खंडांची ही मिसल 2017 साली दप्तरदाखल झाली. या पंथात एक हात दुसऱ्या हाताजवळ येता येता पान संपते, मागे फुलांचा सडा पडतो, आणि खोलीच्या आत ही फुले आली कोठून, हे विचारणारा अरसिक ठरतो. तरीही माझा कौल या विलंबालाच आहे.

चिनी मानहुआंत इतका धीर नाही, परंतु अपिलाची सोय उदार आहे. दगाफटक्याने प्राणास मुकलेली नायिका काही वर्षे मागे, त्याच देहात जागी होते आणि सारा पुरावा मुखोद्गत असल्याने फेरतपासणीस लागते. नायक बहुधा प्रचंड कंपनीचा अध्यक्ष. कंपनीत काय तयार होते ते सांगण्याची पद्धत नाही.

कोरियन वेबटून मोबाइलवर वरून खाली सरकते. तेथे नायिकेचा अश्रू हनुवटीपर्यंत पोहोचतो तो वाचकाच्या अंगठ्याच्या मेहेरबानीने. ‘द रिमॅरीड एम्प्रेस’मध्ये तर सम्राट सोव्हिएशू आरंभीच घटस्फोट मागतो, सम्राज्ञी नाव्हिए तो शांतपणे मान्य करते आणि त्याच बैठकीत पुनर्विवाहाच्या मंजुरीचा अर्ज गुदरते, नियोजित वर जातीने हजर! एका बैठकीत दोन अर्ज निकाली निघाल्याचे आमच्या मुलखात तरी ऐकिवात नाही. ही तत्परता अर्थात पात्रांपुरती. वाचकासाठी काकाओपेज या कोरियन वाचनमंचाने 2014 साली रुजवलेला शिरस्ता असा, की मुदत संपेपर्यंत थांबल्यास पुढील प्रकरण फुकट, तातडी असल्यास पैसे. तातडीवाल्यांत मी मोडतो की नाही, ही बाब आमच्या घरच्या फडणिसांपासून तूर्त गुप्त आहे.