बुडत्याला चपलेचा आधार

‘टायटॅनिक’ मी पहिल्यांदा पाहिला त्या दिवशी दोन गोष्टी दिसेनाशा झाल्या : अटलांटिक महासागरात एक जहाज आणि बाल्कनीच्या चौथ्या रांगेत बाबांची चप्पल.

१९९८ सालची गोष्ट. मार्चमध्ये मी बारावीच्या पेपरांत बुडत होतो, आणि त्याच महिन्यात ‘टायटॅनिक’ ऑस्करच्या सोहळ्यात तरंगत होता. आमच्या तालुक्याच्या गावी सिनेमा पोचेपर्यंत शहरात त्याची पोस्टरं फाटलेली असत. त्यामुळे जहाज आमच्याकडे लागलं ते पावसाच्या तोंडावर. एका अर्थी बरंच झालं. थिएटरचा पत्रा गळत होता, त्यामुळे बुडण्याचा प्रसंग अंगावर आला.

त्या काळी आमच्या गावात इंग्रजी सिनेमाला अब्रू नव्हती. इंग्रजी म्हणजे मॉर्निंग शो, आणि मॉर्निंग शो म्हणजे भर उन्हाळ्यात नाकापर्यंत मफलर. पण पेपरात छापून आलं की चौदा नामांकनं, अकरा ऑस्कर. बाबा हायस्कुलात भूगोल शिकवायचे. त्यांनी उभ्या उभ्या हिशेब केला. ‘‘चौदापैकी अकरा. म्हणजे अठ्ठ्याहत्तर टक्के. डिस्टिंक्शनचा पिक्चर आहे, बघायला हरकत नाही.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘तुला किती पडणार?’’

असे आम्ही चौघे गेलो. आई, बाबा, मी आणि शेजारच्या काकू. इंग्रजी कुणालाच धड कळत नव्हतं, पण मी बारावी सायन्स, म्हणून दुभाषाचं काम माझ्याकडे आलं. ‘‘काय म्हणाला रे तो?’’ काकू विचारायच्या. ‘‘थंडी आहे म्हणाला,’’ मी सांगायचो. सव्वातीन तासांत मी हे एकच वाक्य अकरा वेळा वापरलं आणि बहुतेक ठिकाणी ते चाललं. जहाज बुडणार हे काकूंना आधीपासून ठाऊक असल्यामुळे त्यांनी बंदर सुटतानाच रडायला घेतलं होतं.

आणि मग नायक जॅक नायिका रोझचं चित्र काढतो तो प्रसंग आला.

रोझ कोचावर आडवी झाली. जॅकने कोळशाची कांडी हातात घेतली. बाल्कनीत अशी शांतता पसरली की छतावरच्या पावसाचे थेंब मोजता आले असते. आईने मान वर करून पंख्याकडे पाहायला सुरुवात केली. पंखा बंद होता. बाबा पुटपुटले, ‘‘अरे, माझी चप्पल कुठे गेली?’’ आणि खुर्चीखाली वाकले ते वाकलेच. जॅकचं चित्र पुरं होईपर्यंत चप्पल काही सापडली नाही. मी एक डोळा पडद्यावर आणि एक बाबांच्या पाठीवर ठेवून होतो. निःसंकोचपणे पाहत होत्या त्या फक्त काकू. ‘‘अगंबाई,’’ त्या कळवळून म्हणाल्या, ‘‘गारठेल की पोरगी!’’

सुटल्यावर काकूंचे डोळे सुजले होते, पण जॅकसाठी नव्हे. म्हाताऱ्या रोझने शेवटी तो हिरा समुद्रात टाकला ते त्यांना सहन झालं नव्हतं. ‘‘सख्खी नात बरोबर होती ना?’’ एवढंच त्या घरापर्यंत म्हणत राहिल्या. बाबा काही बोलले नाहीत. दोन्ही चपला पायात घालून ते आमच्या पुढे चालत होते.

पुढचे सहा महिने आमची पिढी जॅक झाली. केसांचा मधोमध भांग पाडून कपाळावर दोन झुलपं सोडली. गावात जहाज नव्हतं, मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पुढे उभं राहून हात पसरले. मागून कमरेला धरायला रोझ नव्हती, बंड्या होता.

पंचवीस वर्षं झाल्याच्या निमित्ताने २०२३च्या फेब्रुवारीत ‘टायटॅनिक’ पुन्हा लागला, थ्रीडीत. आता मी डोंबिवलीला राहतो, सोसायटीच्या कमिटीवर आहे आणि झुलपं सोडायची म्हटली तर ती आधी मागून पुढे आणावी लागतात. बायको आणि सोळा वर्षांची कन्या यांना घेऊन मी मल्टिप्लेक्समध्ये गेलो. माझ्या चष्म्यावर थ्रीडीचा चष्मा चढवला, मांडीवर चारशे सत्तर रुपयांचं पॉपकॉर्न ठेवलं आणि सतरा वर्षांचा व्हायला सज्ज झालो.

झालो नाही. जहाजाने बंदर सोडायच्या आत माझ्या लक्षात आलं की मी पक्ष बदललाय. तेव्हा मला जॅक दिसला होता, आता त्याचा बायोडेटा दिसत होता. नोकरी नाही, पत्ता नाही, प्रवासाचं तिकीट जुगारात जिंकलेलं. रोझ सतरा वर्षांची. मी हळूच शेजारी कन्येकडे पाहिलं. ती जॅककडे ज्या नजरेने पाहत होती ती मला अजिबात आवडली नाही. रोझची आई, जिला पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही पिटातल्यांच्या सुरात सूर मिळवून शिव्या घातल्या होत्या, ती बाई आता मला एकदम समंजस वाटू लागली. डोक्यावर कर्ज असताना पहिल्या वर्गाचा चेहरा ठेवून वावरायचं म्हणजे काय, हे गृहकर्ज फेडणाऱ्याला विचारा.

होड्यांचंही तेच. जहाजावर माणसं २,२००च्या वर, होड्या वीस, त्यांत जागा १,१७८. तेव्हा मला हा अन्याय वाटला होता. आता वाटलं, आमच्या सोसायटीच्या पार्किंगचं प्रमाण नेमकं हेच आहे. त्यातही खरी पहिली होडी सुटली ती ६५ जणांची, आणि तिच्यात बसले २८. हे मी बायकोच्या कानात सांगितलं. ती वीस वर्षं ‘सात बावन्न’च्या लोकलने कामाला जाते. ती म्हणाली, ‘‘आमच्या ग्रुपला सोडायला हवं होतं तिथे. एकाच होडीत दीडशे बसवून वर हळदीकुंकू केलं असतं.’’

आणि मग तो प्रसंग आला.

रोझ कोचावर आडवी झाली. तीच शांतता. आता मात्र पत्र्यावर पाऊस नव्हता, वर पंखा नव्हता, आणि पायात बूट होते, तेही नाडीचे. डाव्या हाताला कन्या. मला दरदरून घाम फुटला आणि मी बोलायला लागलो.

‘‘हे हात जॅकचे नाहीत बरं का,’’ मी म्हणालो. ‘‘दिग्दर्शक कॅमेरॉनचे आहेत. चित्र त्यानेच काढलंय. पण तो डावखुरा आणि जॅक उजवा, म्हणून ती फिल्म उलटी करून लावलीय.’’

‘‘बाबा...’’

‘‘जहाजाचंही तसंच. मेक्सिकोत जवळजवळ खऱ्या मापाचं जहाज बांधलं, पण एकाच बाजूने. गणपतीच्या देखाव्यासारखं. मागून नुसता सांगाडा. बंदरात दुसरी बाजू दिसायला हवी होती, तर पाट्या, कपडे सगळं उलटं करून घेतलं आणि नंतर फिल्म सुलटी...’’

‘‘बाबा, तू गप्प बसतोस का? पुढे बघ!’’

पुढचीच तर अडचण होती. मागच्या रांगेतून कुणीतरी ‘शुक्’ केलं. बाबांनी चप्पल शोधली होती, मी माहिती देत होतो. वारसा म्हणतात तो हाच.

पाणी चढत गेलं. एका खोलीत पलंगावर एक म्हातारं जोडपं एकमेकांना बिलगून पडलं होतं. तेव्हा काही सेकंदांच्या या दृश्यात मी घड्याळ पाहिलं असणार. ती माणसं कॅमेरॉनने इझिडोर आणि आयडा स्ट्रॉस या खऱ्या नवरा-बायकोवरून घेतलीत. आयडाबाईंना होडीत जागा मिळत होती. नवऱ्याला सोडून त्या गेल्या नाहीत. अंधारात बायकोचा हात माझ्या हाताशी आला. माझा गळा दाटून आला. मग कळलं, ती पॉपकॉर्न शोधत होती. पॉपकॉर्न संपलं होतं. हात तिने तसाच राहू दिला.

शेवटी ती फळी आली. रोझ फळीवर, जॅक पाण्यात. बायकोने एकच वाक्य उच्चारलं : ‘‘चौथी सीट.’’ मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसतो, ‘जरा सरका’ एवढ्या दोन शब्दांवर. रोझला तेवढे दोन शब्द आले असते तर अख्ख्या जगाची पंचवीस वर्षं वाचली असती. फळीवर दोघं मावली असती का, या एका प्रश्नाने कॅमेरॉनला इतकं छळलं की त्याने माणसांना गार पाण्यात उतरवून खरोखरचे प्रयोग केले. पुढच्या वर्षी त्या फळीचा लिलाव झाला : ७,१८,७५० डॉलर, म्हणजे जवळजवळ सहा कोटी रुपये. मी पेपरातली बातमी बायकोला वाचून दाखवली. ‘‘सहा कोटी, आणि दोघांना जागा नाही,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणजे दक्षिण मुंबईच की!’’

पण ते नंतर. त्या रात्री घरी आल्यावर मी गावी फोन लावला. बाबा आता शहात्तर वर्षांचे आहेत. भूगोलाचा माणूस म्हणून त्यांना मुद्दाम सांगितलं, ‘‘बाबा, एका खगोलशास्त्रज्ञाने कॅमेरॉनला कळवलं होतं की शेवटी रोझ ज्या आकाशाकडे पाहते त्यातले तारे चुकलेत. अर्धं आकाश म्हणजे उरलेल्या अर्ध्याचं आरशातलं प्रतिबिंब होतं. २०१२ साली पुन्हा लागला तेव्हा त्याने आकाश बदललं.’’

‘‘मला तेव्हाच शंका आली होती,’’ बाबा म्हणाले. ‘‘म्हणून दुसऱ्या दिवशी नीट निरखून पाहिलं.’’

‘‘दुसऱ्या दिवशी?’’

पलीकडे बराच वेळ शांतता होती.

‘‘चप्पल राहिली होती ना तिथे,’’ बाबा म्हणाले. ‘‘ती आणायला गेलो होतो.’’

‘‘बाबा, तुम्ही दोन्ही चपला घालून घरी आला होतात.’’

पुन्हा शांतता. मग त्यांनी घसा खाकरला आणि वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हणाले, ‘‘हे बघ, तिकिटाचे पैसे आपण पूर्ण पिक्चरचे दिले होते. माझी चार मिनिटं बुडाली होती.’’