शाल आहे, पत्रा नाही

प्रोटेस्टंट मंडळीत संस्कार दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. आमच्या मंडळीत तिसराही आहे: पाळकसाहेबांचा निरोपसमारंभ. गेल्या रविवारी तो यथासांग पार पडला. शाल, हार, फ्रेममध्ये बसवलेलं मानपत्र आणि सात भाषणं. चौथ्या वक्त्याला तर हुंदका आवरेना. हे तेच गृहस्थ, जे पाच वर्षं उपदेशाच्या बाराव्या मिनिटाला मनगट वर करून घड्याळ बघत, तेही पाळकांना दिसेल असं.

मानपत्रात 'अविश्रांत' हा शब्द तीनदा होता. बरोबरच आहे, विश्रांती आम्ही दिलीच कुठे? सोमवार हा पाळकांच्या सुट्टीचा वार, असा पास्टरेट कमिटीचा ठराव आहे. मयत आणि भाऊबंदकी मात्र ठराव वाचून येत नाहीत. (माझ्या चुलतभावाचा बांधाचा वाद सलग दोन सोमवार त्यांच्याच ओट्यावर चालला. चहा पाळकीणबाईंचा.)

आता बंगल्याविषयी. पाळकांच्या घराला बंगला म्हणायची पद्धत मिशनच्या काळातली. आम्ही ती टिकवली, बंगला टिकवला नाही. पुढच्या खोलीचा पत्रा तीन पावसाळे गळतोय. पाहुण्यांच्या खुर्चीशेजारी एक निळी बादली असते, आणि रोजचा माणूस बोलता बोलता पायानेच ती थेंबाखाली सरकवतो. विषय कमिटीत चार वेळा आला, चारही वेळा 'पुढील सभेत' गेला. त्यातल्याच एका वर्षी हंगामाच्या सणाला लिलावात एक लाल भोपळा ३,१०० रुपयांना सुटला. घेणारे आमचे खजिनदार. भोपळ्याला टाळ्या पडतात. पत्र्याला कोण टाळ्या वाजवणार?

पत्र्याचा विषय निघाला की कुणीतरी रेव्हरंड टिळकांना मध्ये आणतंच. 'ना. वा. टिळकांनी कुठे बंगले मागितले?' नाही मागितले. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगारही सोडला आणि 'देवाचा दरबार' मांडला. पण तो त्यांनी आपण होऊन सोडला. कमिटीने बहुमताने सोडायला लावला नव्हता. आणि अशा घरात संसार कसा ओढावा लागतो, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना विचारावं. त्यांचं 'स्मृतिचित्रे' वाचून पोट धरून हसणारे आमच्यात पुष्कळ आहेत. हसता हसता त्या घरचा वाणसामानाचा हिशेब मांडून बघणारा अजून भेटायचाय.

शास्त्राचा आधार घ्यावा, तर तेही आमच्या बाजूचं नाही. मळणीच्या बैलाला मुसकं घालू नये, हा बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकातला नियम पौलाने दोन पत्रांत काढलाय, एकदा करिंथकरांना, एकदा तीमथ्याला. दोन्हीकडे रोख बैलावर नव्हता. आम्ही शेतकऱ्यांची पोरं, बैलापुरतं आम्हाला लगेच कळतं.

त्याहून मला एलीया संदेष्ट्याची गोष्ट टोचते. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरताना पाहिलेला माणूस, ईजबेल राणीच्या एका धमकीने रानात पळाला, झुडपाखाली पडला आणि मरण मागू लागला. देवदूत आला. त्याने उपदेश केला नाही, 'विश्वास ठेवा, साहेब' म्हटलं नाही, व्हॉट्सॲपवर वचन ढकललं नाही. उठवलं आणि म्हणाला, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर, शेजारी पाणी. एलीया जेवला आणि पुन्हा झोपला. तरी देवदूत वैतागला नाही. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला लावलं. आमच्याकडे असता तर 'सेवक कामाच्या वेळी झोपलेला आढळला' असा अर्ज बिशपसाहेबांकडे गेला असता, खाली अकरा सह्या.

कॅथलिक भावंडांनी निदान एक तारीख तरी लावून घेतली आहे. ४ ऑगस्ट, धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन व्हियानी यांचा सण. फ्रान्समधल्या आर्स नावाच्या लहानशा गावात त्यांनी जन्म काढला. पापकबुली ऐकायला तासन्‌तास बसत, एवढी गर्दी. हेच संत एकापेक्षा जास्त वेळा गाव सोडून पळायला निघाले होते, हे फार जण सांगत नाहीत. गावाने त्यांना जाऊ दिलं नाही. आमच्या गावाने ट्रक ठरवून दिला, भाडं अर्धं.

मी तरी कुठला धुतला तांदूळ! सातांपैकी सहावं भाषण माझंच होतं. पण त्या रात्री झोप नीट लागली नाही, म्हणून सोमवारी संध्याकाळी बंगल्यावर गेलो. खोकी दोरीने बांधून झाली होती. शाल खुर्चीच्या पाठीवर, बादली तिच्या जागेवर.

"सलाम, पाळकसाहेब. काम काही नाही, सहज आलो. तुम्ही कसे आहात?"

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग वाकून एका खोक्याची दोरी सोडली, आतून डायरी काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि हळूच विचारलं,

"घरी कोण आजारी आहे?"