पांडूची आई कुठली?

मालवणात राहणाऱ्याला मालवणात कुणी मालवणकर म्हणत नाही. तिथे सगळेच मालवणचे. मग म्हणून फरक काय पडणार? तो मुंबईला येतो, चाळीत खोली घेतो, तेव्हा हा ‘कर’ त्याला चिकटतो. म्हणजे ज्या दोन अक्षरांच्या जोरावर आपण मूळ गावाचा तोरा मिरवतो, ती गाव सोडल्याची पावती आहे. ही पावती दाराच्या पाटीवर लावून माणूस बाहेरून आलेल्यांची चिंता करत बसतो, हा आपल्याकडचा जुना करमणुकीचा कार्यक्रम आहे. पण गंमत पुढेच आहे. ही पावतीसुद्धा एकतर्फी. बाप कुठून आला ते आडनाव सांगतं. आई कुठून आली ते सांगायची जबाबदारी कुणावरच नाही. एखादा जुना कुलवृत्तांत चाळा: खापरपणजोबांच्या पराक्रमाला दोन पानं आणि पणजीला एक कंस, त्यातही बऱ्याचदा प्रश्नचिन्ह. वंश शोधायचा तर दोन्ही बाजूंनी शोधावा, नाहीतर शोधूच नये, असं माझं म्हणणं आहे. आणि त्याचा साक्षीदार मॉरिशसमध्ये बसला आहे.

१८३४ ते १९२० या काळात हिंदुस्थानातून जवळपास पाच लाख माणसं करारावर मॉरिशसला उतरली, मुख्यतः उसाच्या मळ्यांसाठी. बहुतेक कलकत्ता नि मद्रासहून गेली. मुंबईहून निघालेल्यांत कोकणातली मराठी माणसं होती. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या चढून गेलेल्या प्रत्येकाला नंबर मिळायचा आणि वहीत नोंद व्हायची: नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव, अंगावरची खूण. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत या वह्या जपून ठेवल्या आहेत. आपल्या पणजोबांची उंची आपल्याला ‘चांगले उंचेपुरे होते’ इतकीच ठाऊक असते. तिथल्या माणसाला ती फूट-इंचात मिळते आणि चांगला उंचापुरा पणजोबा पाच फूट दोन इंचांवर येऊन थांबू शकतो. कारकून ऐकू येईल तसं नाव लिहायचा, त्यामुळे पुष्कळांची गावं-आडनावं समुद्रातच राहिली आणि बापाचं नुसतं नाव पुढच्या पिढीचं आडनाव झालं. पांडू, बाप्पू ही आज तिथली आडनावं आहेत. इथे आळीतून ओरडून मारायची हाक तिथे वकिलाच्या पाटीवर शोभते.

पण या वहीची खरी थोरवी वेगळीच आहे. थोरवी म्हणताना जीभ जरा अडखळते, कारण मजूर पळाला तर धरता यावा हाही तिचा उपयोग होता. तरी तिच्यात बाईला स्वतःचा नंबर होता. तिचं नाव, तिच्या बापाचं नाव, तिचं गाव; नवऱ्याच्या कंसात ती नव्हती. यात सरकारचं स्त्रीदाक्षिण्य काडीचंही नाही, माणसागणिक हिशेब ठेवायचा होता इतकंच. मात्र मळेवाल्यांच्या हिशेबाने जे साधलं, ते आपल्या कुलाभिमानाला साधलं नाही. आपल्याकडे ताटातल्या तांदळात अंगठीने सुनेचं नवं नाव लिहिलं, की माग काढणाऱ्याची वाट तिथेच बुजते. तांदळाचा पुढे भात होतो. जुन्या नावाचं काय झालं, हे कुणी विचारत नाही.

यावर कुणी म्हणेल, वंश बापाचाच चालतो, आईकडे कशाला वळायचं? तर साधा पाढा म्हणावा. दहा पिढ्या मागे गेलं की त्या एका पिढीत १०२४ जागा भरतात. आडनाव त्यांतल्या एकाचं. उरलेल्या १०२३ जणांनी काय नुसत्या अक्षता टाकल्या? दुसरा म्हणेल, मामाची मुलगी करण्याची चाल होती, तेव्हा तीच माणसं पुन्हा पुन्हा येणार. येऊ देत, पुन्हा आलं म्हणून कुणी एकटं उरत नाही. तिसरा आक्षेप वजनदार आहे: कारकुनाने चुकीचं ऐकून लिहिलेल्या वहीवर विश्वास कसा ठेवायचा? मान्य, पण त्या कारकुनाला कुणाच्या कुळाची शोभा वाढवायची नव्हती. चुकीचं ऐकलेलं पुढे दुरुस्त करता येतं. कौतुकाने लिहिलेलं दुरुस्त करायला गेलं, की भाऊबंद दारात उभे राहतात.

शेवटचा आक्षेप असा, की आम्ही कुठे बाहेरून आलो, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. आता सोयरीक शक्यतो परगावची करायची, हा बहुतेकांचा रिवाज. म्हणजे न हललेल्या घरातसुद्धा दर पिढीला एक माणूस बाहेरगावाहून येतच होतं. मॉरिशसच्या घाटाला सोळा पायऱ्या होत्या आणि वर गाव विचारलं जायचं. आपल्या घाटाला पायरी एकच, तिच्यावर तांदळाचं माप ठेवलेलं. तिथे बाहेरून आलेल्या त्या माणसाला अडवून सांगतात, ‘नाव घे’. आणि तेही नवऱ्याचं.