चहाच्या मळ्यात घरचा चहा

मुन्नारला जाणाऱ्या प्रत्येक मराठी बसमध्ये एक काका असतात आणि काकांच्या मांडीवर एक पिशवी असते. बॅगा डिकीत जातात, औषधं काकूंच्या पर्समध्ये जातात, पण ही पिशवी काका कुणाच्या हाती देत नाहीत. तिच्यात घरची चहा पावडर असते. शिवाय साखर, आल्याचे तुकडे, छोटी किसणी, गाळणं, वाळवलेला गवती चहा आणि दुधाच्या पावडरीचं पाकीट. तिथलं दूध कसं निघेल ते सांगता येत नाही ना! नजर जाईल तिथवर चहाच दिसतो अशा गावाला माणूस चहा घेऊन निघालाय, हे कुणी लक्षात आणून दिलं तर काका रागावत नाहीत. "तिथे चहा पिकतो हो," ते शांतपणे म्हणतात, "करता कुठे येतो?"

कोचीहून मुन्नार सुमारे एकशेतीस किलोमीटर. नेरियामंगलमचा पूल ओलांडला की घाट लागतो आणि रस्त्याच्या कडेलाच चीयप्पारा, वाळरा असे धबधबे भेटतात. सगळी बस धबधब्याकडे धावते. काका टपरीकडे जातात. चहा प्यायला नाही, पाहायला. टपरीवाला फडक्याच्या गाळणीत पूड घालतो, वरून उकळतं पाणी सोडतो, तो अर्क गरम दुधात मिसळतो आणि हातभर उंचीवरून या भांड्यातून त्या भांड्यात ओतून वर मस्त फेस आणतो. आम्ही सगळे ती कसरत बघत राहतो. काकांचा निकाल मात्र तयार असतो: "उकळला कुठे? याने तर चहाला नुसती आंघोळ घातली."

मळे दिसायला लागले की बसमध्ये एकच गलका होतो. काकाही खिडकीशी सरकतात, कारण निसर्गाशी त्यांचं वैर नाही. फक्त जे दिसेल ते आपल्याकडे कुठे आहे, हे सांगितल्याशिवाय त्यांना ते नीट दिसत नाही. एको पॉइंट? माथेरानला आहे. (आणि इथला प्रतिध्वनी उशिरा येतो.) कुंडलाचा तलाव? वेण्णा लेक. एरविकुलमच्या राष्ट्रीय उद्यानात नीलगिरी ताहर अगदी रस्त्यालगत कड्यावर उभा राहिला, लोकांनी श्वास रोखले, आणि काका म्हणाले, "बोकड." मळे मात्र महाबळेश्वरला नाहीत, ही बोच काढायची कशी? काकांच्या मते सरकारची इच्छाशक्ती कमी पडली. खरं कारण पावसात आहे. महाबळेश्वरला तो चार महिने बेफाम कोसळतो आणि मग उरलेलं वर्ष जवळजवळ पाठ फिरवतो. मुन्नारला जाता मान्सून भिजवतो आणि परतताना पुन्हा हजेरी लावतो. चहाला असा राहून राहून येणारा पाऊस लागतो. हे टूर मॅनेजरने समजावून सांगितलं आणि ओघात असंही म्हणाला, की शेजारचं आनमुडी हे 2,695 मीटरचं शिखर सह्याद्रीतलंच आहे. काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे डोंगर आपलाच आहे!"

नीलकुरिंजीवरून मात्र टूर मॅनेजरची पंचाईत झाली. ही फुलं बारा वर्षांनी येतात. 2018 मध्ये येऊन गेली, आता 2030. "मग जाहिरातीत फोटो कशाला छापता?" काका कडाडले. काकूंनी हळूच सांगितलं, की आपली कारवी याच कुळातली, तीसुद्धा सात वर्षं वाट पाहायला लावते. काका गप्प झाले. काकू हे एक वेगळंच प्रकरण आहे. सहल खरं म्हणजे त्या करतात, काका फक्त तिचं परीक्षण करतात.

मळ्यात थांबलो तेव्हा हे स्पष्टच दिसलं. कमरेला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून, पायात रबरी बूट घालून बायका पानं कापत होत्या. हातात मोठी कात्री आणि कात्रीच्या पात्यालाच जोडलेला पेटीसारखा डबा. कापलेलं पान त्यातच पडतं, डबा भरला की पाठीवरच्या पोत्यात. काकांना फोटो हवा होता तो पुड्यावरच्या चित्रासारखा, नाजूक बोटांनी दोन पानं आणि एक कळी खुडतानाचा. ते हातवारे करून कात्री बाजूला ठेवायला सांगू लागले. बाई हसली आणि कापत राहिली. वजनावर हिशेब असतो, तिला पोज द्यायला वेळ कुठे? काकूंनी तिच्या मनगटाकडे बोट दाखवून 'दुखतं का' असं खुणेने विचारलं. त्यावर तिने कात्री सरळ काकूंच्या हातात दिली. काकूंनी चार वेळा चालवली आणि परत देताना स्वतःचा खांदा चोळला. पिढ्यांपूर्वी तमिळ मुलखातून इथे आलेल्या कुटुंबांतल्या या बायका. 2015 साली बोनससाठी यांनीच मुन्नारचा रस्ता अडवून धरला होता आणि युनियनच्या पुढाऱ्यांनाही जवळ फिरकू दिलं नव्हतं. पोज द्यायला सांगण्याआधी एवढं ठाऊक असलेलं बरं.

काकांचा खरा दिवस म्हणजे नल्लतण्णीचं चहाचं संग्रहालय. तिथे पान यंत्रातून चिरडून, फाडून, वळवून बाहेर पडतं, हवेत तांबूस होतं, भाजतं आणि चाळण्यांवरून उतरत जातं. काकांनी गर्दी सरू दिली, पिशवीतून डबी काढली आणि गाइडच्या तळहातावर घरची पावडर ओतली. "ओळखा!" गाइड मुरलेला होता. त्याने पूड बोटाने पसरली, हुंगली आणि म्हणाला, की ही अगदी शेवटच्या, बारीक चाळणीची. दुधात रंग झटकन सोडते, स्वस्त पडते, म्हणून सगळ्यात जास्त खपते. यातलं काकांनी नेमकं 'सगळ्यात जास्त खपते' एवढंच ऐकलं आणि ते पुढचे दोन दिवस बसभर सांगितलं. मग त्या भल्या माणसाने चवीला व्हाइट टी दिला, निव्वळ कोवळ्या कळ्यांचा, सगळ्यात महाग. काकांनी पेल्यात डोकावून पाहिलं. "पाणी तापलंय. आता पावडर टाका."

दुसऱ्या दिवशी पहाटे हॉटेलच्या मजल्यावर जळक्या दुधाचा वास सुटला. काकांनी पाणी गरम करायच्या किटलीत आल्यासकट चहा चढवला होता. किटलीचा तळ काळा पडला, पोऱ्या धावत आला, हॉटेलचा मॅनेजर आला, आणि काकूंनी "अहो, मी कालच सांगितलं होतं," हे वाक्य उच्चारलं. पण तोवर शेजारच्या खोल्यांतली मंडळी दात घासायच्या आधीच पेले घेऊन दारात उभी होती. किटलीचे पैसे भरावे लागले ते भरावे लागले. चहा मात्र फक्कड झाला होता. मॅनेजरलाही अर्धा कप मिळाला. त्याने तो संपवला, पण मत दिलं नाही.

निघताना काकांनी दुकानातून चहाचे भरपूर पुडे घेतले. व्याह्यांना एक, सोसायटीच्या सेक्रेटरीला एक, बँकेतल्या जुन्या सहकाऱ्यांना थोडे. स्वतःसाठी नाही. "आपल्याला नाही चालत," म्हणाले. परतीच्या घाटात टूर मॅनेजरने पुढच्या वर्षीच्या दार्जिलिंगच्या सहलीची माहिती दिली. काकूंनी तारखा उतरवून घेतल्या. काकांनी शेजाऱ्याकडून कळलेल्या एका गोष्टीची खात्री करून घेतली, की तिथला चांगला चहा म्हणे बिनदुधाचाच पितात, आणि सिमल्याचं विचारलं.