तेराव्याच्या आत

मुलुंड पूर्वेच्या बहुतेक प्रत्येक सोसायटीत एक नाना असतात. बँकेतून निवृत्त, खिशात दोन पेनं, काखेत फाइल. कुणी गेलं की शेजारीपाजारी पिठलं-भात पाठवतात. नाना ‘मृत्युदाखल्याच्या दहा प्रती काढा’ असा निरोप पाठवतात.

गेलेला माणूस कसा होता, हे त्याच्या नॉमिनेशनवरून ठरतं. बायकोचं नाव लावून गेला तो सज्जन. लग्नाआधी आईचं लावलं ते तसंच ठेवून गेला तो ‘मातृभक्त, पण बेजबाबदार’.

नॉमिनी आहोत म्हणून एखादा चिरंजीव हुरळला, तर नाना त्याला जमिनीवर आणतात. “नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, बाळा. ‘कालनिर्णय’कार साळगावकरांच्या शेअर्सचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर 2023 मध्ये तिथंही हेच ठरलं. भिंतीवर नुसती एकादशी काय बघतोस?”

नॉमिनीच नसेल, तर मात्र नानांच्या अंगात येतं. रिझर्व्ह बँकेचे 2025 चे नियम त्यांना अथर्वशीर्षासारखे पाठ. व्यापारी बँकेत 15 लाखांपर्यंत, सहकारी बँकेत 5 लाखांपर्यंत रक्कम असेल तर कोर्टाची पायरी चढायला नको. वारसाचं हमीपत्र, बाकीच्यांची ना-हरकत. कागद पुरे झाले की 15 दिवसांत निकाल. मुख्य अट, वारसांत वाद नको.

म्हणून नानांचा मुहूर्त ठरलेला : तेराव्याच्या आत सह्या. “रडताहेत तोवर माणसं सही करतात,” ते म्हणतात. “चौदाव्या दिवशी विचार करायला लागतात.”

पण ब्लॉकचं हक्कसोडपत्र निघालं की हाच घाईचा माणूस अडून बसतो. अंधेरीची बहीण डोळे पुसत पेन उचलते, तेव्हा नाना कागदावर हात ठेवतात. “ताई, आधी वाच. यानं तुझा हिस्सा जातो हं.” भाऊ छताकडं बघतात, वहिनी चहा आणायला उठतात, आणि इतका वेळ पंख्याखाली मुकाट बसलेले घाटकोपरचे जावई पहिल्यांदाच तोंड उघडतात : “सध्या स्क्वेअर फुटाचा भाव काय चाललाय?”

मृत्युपत्राचं प्रकरण आलं की नाना हळहळत. मुंबईतल्या ब्लॉकला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब, सक्तीचं होतं, चेकनाक्यापलीकडं ठाण्यात नव्हतं. “चार पावलं पुढं घर घेतलं असतं तर!” डिसेंबर 2025 मध्ये संसदेनं ही सक्ती करणारं वारसा कायद्याचं कलम 213 च काढून टाकलं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, “नाना, आता तुम्हाला सुट्टी.”

नानांनी फाइलची नाडी आवळली. “प्रोबेट गेलं हो. जावई आहेत अजून.”