एक डाव माका दी

गणपती जवळ आले की तुतारी एक्स्प्रेसमधून चाकरमानी उतरतात आणि त्यांच्यामागून त्यांची मुलं. मुलांच्या हातात मोबाईल असणार, हे आता आमच्या वाडीतल्या कोंबड्यांनाही ठाऊक झालं आहे. अलीकडे मात्र सामानातून आणखी एक डबी निघू लागली आहे. तळहातावर मावेल एवढी. डावीकडे अधिकच्या चिन्हाचं बटण, उजवीकडे चार गोल बटणं, मध्ये साडेतीन इंची पडदा. "मुलांसाठी घेतली," असं तिचे मालक सांगतात. मालकांनी चाळिशी ओलांडलेली असते. मुलं माजघरात मोबाईलवर आणि डबी घेऊन बाप पडवीत, असा एकूण देखावा. मखर अर्धवट, माटवीचं सामान तसंच पडलेलं, आणि आतून आईचा आवाज येतो, "मेल्या, चेडू बारावीक गेला आणि तू अजून कासवार उडी मारतस?"

कासवावर उडी मारणारा तो मारिओ. मुलगी बारावीला गेली तरी तो आहे तिथेच आहे, राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यात आहे आणि बाप अजून तिला सोडवतो आहे.

या डब्या बहुतेक चीनमधून येतात. अॅनबर्निक, मियू मिनी, रेट्रॉइड अशी त्यांची नावं. जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानात 'चारशे गेम' असं छापलेली त्यांची गरीब नातलगही काही शे रुपयांत मिळते. डबीत जुनं यंत्र असेल अशी कुणाची समजूत असेल तर तसं काही नाही. मारिओचा गाजलेला खेळ आला 1985 साली, निन्टेंडोच्या फॅमिकॉमसाठी. ते यंत्र जपानात 1983 साली निघालं. त्यात 8 बिटांची चिप आणि हाताशी फक्त 2 किलोबाइट मेमरी. अॅनबर्निकसारख्या डबीतली चिप मोबाईलच्या घराण्यातली, तिचा फॅमिकॉमशी दूरचाही संबंध नाही. ती जुन्या यंत्राचं सोंग घेते. ते सोंग वठवणाऱ्या प्रोग्रामला एम्युलेटर म्हणतात.

सोंग म्हणजे काय, हे बाकीच्या जगाला समजावून सांगावं लागत असेल. सिंधुदुर्गात गरज नाही. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की देवळासमोर दशावताराच्या नाटकासाठी एक बाकडं मांडलं जातं. तेच इंद्राचं सिंहासन आणि तेच वनवासातली शिळा. पेटाऱ्यातून मुकुट निघतात, पेटी-मृदंग लागतात, आणि सकाळी मोटरसायकलवरून गेलेला मिशा उतरवलेला माणूस रात्री द्रौपदी होऊन येतो. त्याच्या अंगाखांद्याकडे पाहून कुणी हरकत घेत नाही. डबीतल्या खेळाचंही तसंच. खेळ विचारतो, तू फॅमिकॉमच ना? एम्युलेटर म्हणतो, व्हय म्हाराजा. टीव्हीवर चित्र काढणारी रेघ इथवर आली का? व्हय म्हाराजा. मग मारिओ बिनधास्त धावायला लागतो.

हे सोंग किती हुबेहूब असावं, यावर जाणकारांत मोठे वाद आहेत. कामचलाऊ नक्कल कुणीही करतो. पण 1990 सालच्या सुपर फॅमिकॉमची प्रत्येक हालचाल क्षणाक्षणाला जुळवायची, तर सुमारे साडेतीन मेगाहर्ट्झच्या त्या यंत्रासाठी 3 गिगाहर्ट्झचा संगणक लागतो, असा हिशेब तसा एम्युलेटर लिहिणाऱ्याने 2011 साली मांडला होता. म्हणजे सोंग घेणाऱ्याच्या छातीत मूळ पात्राच्या आठशेपट दम हवा. पहाटेपर्यंत गदायुद्ध करणाऱ्या आमच्या नटांना हे ऐकून नवल वाटणार नाही.

मूळ खेळ मात्र अगदी काटकसरी. 1985 चा अख्खा मारिओ 40 किलोबाइटांत बसतो. रोज सकाळी आत्येकडून व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या सुप्रभाताच्या गुलाबालाही याहून जास्त जागा लागते. त्यात आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, रंग तेवढा बदललेला. एकाच नटाने आधी ऋषी व्हायचं आणि मग राक्षस, तसं.

मालवणच्या बाजूला हे खेळ पहिल्यांदा आले ते मे महिन्यात, मुंबईच्या मावसभावांच्या पिशवीतून. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला 1998 उजाडलं. त्याआधीचे मारिओ एसटीने आले. निन्टेंडोचं यंत्र भारतात 'सामुराई' नावाने विकलं जायचं. त्याच्या नकला 'लिटल मास्टर', 'मीडिया' अशा नावांच्या. आम्ही सगळ्यांनाच 'व्हिडिओ गेम' म्हणायचो आणि आतल्या वडीला 'कॅसेट'. कॅसेट लागली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. हा विधी कुणी शिकवला ते कुणालाच सांगता यायचं नाही. निन्टेंडोने स्वतः पुढे बजावलं की फुंकू नका. काम व्हायचं ते काढून पुन्हा बसवल्याने, पिना नव्याने टेकायच्या म्हणून. फुंकरीतल्या दमटपणाने पिना उलट गंजायच्या. मालवणात तर हवाच खारी. खिडकीचे गज, सायकलची साखळी, देवघराची कडी, सगळं आपोआप गंजतं. त्यात बांगड्याचं तिखलं जेवून आलेल्या पोराची फुंकर! त्या कॅसेटी चालल्या हेच आश्चर्य.

ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता त्यांच्या वाट्याला जत्रेतला ब्रिक गेम यायचा. राखाडी पडदा, पडत्या विटा, आणि वर छापलेलं '9999 इन 1'. खरे खेळ डझनभर, बाकी त्यांचेच वेग कमीजास्त केलेले. विटांचा मूळ खेळ टेट्रिस, तो मॉस्कोत 1984 साली अलेक्सी पाजितनोव्हने रचलेला. हातात धरायच्या खेळांना खरं वळण लावलं ते निन्टेंडोच्या गुन्पेई योकोई यांनी. बुलेट ट्रेनमध्ये कंटाळलेला एक नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला त्यांनी पाहिला, आणि त्यातून 1980 साली 'गेम अँड वॉच' आलं असं सांगतात. 1989 चा गेम बॉयही त्यांच्याच चमूचा. रंग नाहीत, पडद्याला उजेड नाही, चार पेन्सिल सेल. जुनं, स्वस्त झालेलं तंत्र घ्यावं आणि त्याला नवं काम द्यावं, असं योकोईंचं धोरण होतं. आजच्या डब्या त्याच वाटेवरच्या.

आमच्या वाडीत यंत्र एक आणि पोरं ओटीपासून पायरीपर्यंत. कायदा सोपा होता. मेला की उठायचं. मेल्यावर "नाय नाय, ह्यो धरूक नको" म्हणणारे होते, पण त्यांना बाकीचे खेचून काढत. मागून सतत एकच आळवणी चालू, "एक डाव माका दी रे." कॉन्ट्रा लागला की मात्र दोघांची जागा. तीस जीव मिळवण्याची युक्ती सगळ्यांना तोंडपाठ होती: वर वर, खाली खाली, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे, बी, ए. ही कळ कोनामी कंपनीच्या एका जपानी प्रोग्रामरने 1986 साली दुसऱ्याच खेळात स्वतःच्या सोयीसाठी ठेवली होती. इंटरनेट नाही, मासिक नाही, फोन पोस्टात. तरी ती आचऱ्यापासून देवबागपर्यंत बिनचूक पोचली. पाढे पोचायला शाळा लागते.

आता गंमत अशी की नव्या डब्या जुन्या यंत्राचे दोषसुद्धा इमानाने उतरवतात. फॅमिकॉमला एका आडव्या रेघेवर आठच हलती चित्रं दाखवता यायची. नववं आलं की लुकलुकायला लागायचं. ही त्याची गरिबी. आजच्या चिपला असल्या हजार चित्रांचं ओझं नाही, पण एम्युलेटर आठावर थांबतो आणि नववं लुकलुकवतो, कारण मूळ यंत्रात तसं होतं. शिवाय जुन्या टीव्हीच्या आडव्या रेघा पडद्यावर आणून दाखवणारी सोय वेगळी. लोक स्वच्छ पडदा विकत घेतात आणि तो मुद्दाम रेघाळ करतात.

दोषच उतरवायचे तर माझ्या काही मागण्या आहेत. संध्याकाळी सातला व्होल्टेज उतरून चित्र आक्रसावं. पहिल्या पावसात ऐन शेवटच्या पायरीवर वीज जावी. बातम्या लागायच्या वेळी आजोबांचा हात मागून येऊन वायर काढावी. यांपैकी एकही सोय मला कुठल्या डबीत आढळली नाही. डबीचा चार्ज तासन् तास टिकतो, मेलात तर मेल्याच्या आधीच्या क्षणावर परत जाता येतं, आणि पाळीसाठी मागे कुणी उभं नसतं. म्हणून होतं काय, की बाप यादी चाळत बसतो. हजारो खेळ. एक उघडतो, दोन मिनिटं खेळतो, दुसरा उघडतो. पाळी जाण्याची भीती नसली की पाळीची किंमतही राहत नाही.

कायद्याचं एक बोलून टाकतो. एम्युलेटर स्वतंत्रपणे लिहिलेला असेल तर त्याला सहसा कुणी हात लावत नाही. डबीसोबत कार्डावर भरून येणारे हजारो खेळ मात्र बहुतेक परवानगीशिवायचे, म्हणजे सरळ चोरीचे. पण दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 साली तपासलं, तेव्हा तिथे 2010 पूर्वी निघालेल्या खेळांपैकी 87 टक्के खेळ बाजारात विकत मिळतच नव्हते. मालकांनी दुकान बंद केलं आणि चावीही कुणाला दिली नाही, अशातली गत. त्या खेळांना आज जी धुगधुगी आहे ती या सोंगाड्यांमुळेच. मला चोरीचं समर्थन करायचं नाही. पण संकासुराने वेद पळवले म्हणून तर ते परत आणायला मत्स्यावतार झाला, हेही दर जत्रेला आम्ही पाहत आलो आहोत.

हे सगळं मनात घोळतं ते सावंतवाडीला गेल्यावर. तिथल्या राजवाड्यात गंजिफाचे पत्ते रंगवणारे कारागीर बसलेले दिसतात. गोल पानं, लाखेची चकाकी. दशावतारी संचात 120 पानं: दहा अवतार, प्रत्येकाची बारा, राजा, प्रधान आणि एक ते दहा. निम्म्या अवतारांत दहा मोठा, निम्म्यांत एक्का मोठा. दिवसा खेळायचं तर सुरुवात रामाकडून, रात्री कृष्णाकडून. ही कला मोडीत निघाली होती. 1970 च्या दशकात तिथल्याच राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी जुन्या चिताऱ्यांचा हात पुढच्या पिढीला शिकवून ती उभी केली. काम अस्सल आहे. पण संच घेणारे बहुतेक तो भिंतीवर लावायला किंवा आहेर करायला नेतात. 120 पानं पिसून तिघं जण खेळायला बसलेत, असं चित्र मी अजून पाहिलेलं नाही.

निन्टेंडोही 1889 साली क्योटोत सुरू झाली ती हाताने रंगवलेले पत्ते बनवायला. सावंतवाडीच्या चितार आळीने पुढे व्हिडिओ गेम काढले नाहीत, ही जगाची हानी समजा. पण मला वेगळंच टोचतं. गंजिफाचं आपण पान राखलं आणि खेळ घालवला. डबीवाल्यांनी यंत्र, कॅसेट, टीव्ही सगळं घालवलं आणि खेळ राखला. दोन्हींत कुणाचं बरोबर, असं मला कुणी विचारलं तर मी डबीवाल्यांच्या बाजूने हात वर करीन. फक्त त्यांनी राखलेला खेळ एकट्याने खेळायचा करून ठेवला, एवढी माझी तक्रार.

तेव्हा यंदा डबी घेणार असाल तर यादीत किती हजार खेळ आहेत ते पाहू नका. टीव्हीला जोडता येते का आणि दुसरा कंट्रोलर घेते का, ते आधी विचारा. अशी मॉडेलं मिळतात. कॉन्ट्रा लावा, दुसरा कंट्रोलर मोबाईलवरच्या पोरीच्या हातात द्या आणि मेलात की उठा. आणि रात्री डबी पडवीत विसरू नका, आमच्याकडची हवा खारी आहे.