भिंतीवरचा तेलकट डाग

लिंपेट हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शेणामातीनं लिंपण्याशी त्याचं काहीतरी नातं असावं, असं मी धरून चाललो. किनवटच्या माणसाची समुद्राची समज इतपतच. आमचं पाणी पैनगंगेचं, आणि तेही गर्जतं ते सहस्रकुंडाच्या धबधब्याला, पावसाळ्यात.

रत्नागिरीला ओहोटीच्या वेळी खडकावर टोपीसारखा एक शिंपला दिसला. बोटानं ढकलला, मग चपलेनं. चपलेचा अंगठा तुटला.

घरी येऊन वाचलं. लिंपेट तो हाच, गोगलगायीचा भाऊबंद. पाणी चढलं की खडकावरचं शेवाळ खरवडत हिंडतो आणि पुन्हा नेमका आपल्याच जागेवर येऊन बसतो. शिंपल्याची कड त्या जागेच्या खाचाखोचांबरहुकूम वाढलेली असते; दगड मऊ असेल तर दगडच झिजतो. भलतीकडे बसला तर फट राहणार आणि अंगातला ओलावा उन्हानं जाणार. दातांत लोहाचं खनिज. पोर्टस्मथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली हे दात कोळ्याच्या धाग्याहून मजबूत असल्याचं दाखवलं. (मी कालच्या भाकरीला घाबरतो.)

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर याचा थोराड चुलता राहतो, घुबड लिंपेट. वाढला तर जवळजवळ १० सेंटिमीटर. शिंपल्याच्या आत घुबडासारखी आकृती दिसते म्हणून हे नाव. फूट-दीड फूट खडक तो आपला मानतो, तिथलं शेवाळ राखून खातो आणि घुसखोराला शिंपल्यानं रेटून बाहेर काढतो. तरुणपणी नर असतो, पुढे मादी होतो. म्हणजे सातबारा शेवटी बाईच्या नावावर! माणसं खायला मोठेच वेचतात, तेव्हा नेमक्या माद्या जातात.

हे सगळं मी आमच्या अण्णांना सांगत होतो. ओसरीवर त्यांची बसायची जागा ठरलेली. डोकं टेकून टेकून भिंतीवर तेलकट डाग पडलाय. तीनदा चुना मारला, डाग वर आला. रोज सकाळी बसस्टँडपर्यंत चहाला जातात आणि परत त्याच डागाखाली.

"त्याला कंटाळा कामून येत नसंल रे?" अण्णा म्हणाले.

तेवढ्यात पाहुणे आले आणि नेमके त्या जागी टेकले. अण्णा काही बोलले नाहीत. पाण्याचा तांब्या द्यायला शेजारी बसले, मग पानाचा डबा काढायला थोडे सरकले, मग उशी घ्यायला आणखी थोडे. चहा येईस्तोवर पाहुणे दारापाशी पोचले होते.